भिंतीपलीकडचा प्रिंटर

टायपिंगबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस आता एकच उरलं होतं, त्यांची थोरली बहीण. आणि तीसुद्धा रागावली की 'काय हो टायपिंगबाई' अशीच सुरुवात करायची. न्यायालयाच्या मागच्या रस्त्यावर एक चार मजली इमारत होती. तिच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसून त्यांनी छत्तीस वर्षं लोकांची भांडणं टाइप केली होती. खोली इतकी चिंचोळी की दोन अशिलं एकदम आली तर एकाला जिन्यात उभं राहावं लागे. एक टेबल, एक कपाट, दोन खुर्च्या, रस्त्याकडची खिडकी आणि कुरकुरणारा पंखा, एवढाच संसार.

जीभ तिखट. वकिलांनी लिहून आणलेल्या मजकुरात त्या बेधडक चुका काढायच्या. 'हे वाक्य सुरू कुठं झालं ते तुम्हाला तरी आठवतंय का?' असं एका नावाजलेल्या वकिलाला त्यांनी भर जिन्यात विचारलं होतं, आणि त्यानं निमूटपणे एका वाक्याची तीन करून आणली होती. पण लोक त्यांच्याकडे यायचे ते काही ही बोलणी खायला नव्हे. बाईंच्या टेबलावर आलेलं तिथून बाहेर पडत नाही, ह्याची सगळ्या इमारतीला खात्री होती म्हणून यायचे.

ही खात्रीही फुकट मिळालेली नव्हती. कामाच्या दुसऱ्याच वर्षी कुणीतरी त्यांच्या टोपलीतला वापरलेला कार्बन उचलला, उजेडाला धरून वाचला, आणि एका म्हाताऱ्याचं मृत्युपत्र तो जिवंत असतानाच त्याच्या मुलांना तोंडपाठ झालं. त्या दिवशी बाईंनी कानाला खडा लावला. कार्बन असो, रिबन असो, चुकलेला कागद असो, कात्रीनं त्याचे तुकडे केल्याशिवाय त्या खुर्चीतून उठत नसत. बहीण म्हणायची, "घरी भाजी चिरायला सांगितली की मात्र हात दुखतात तुझे."

तर अशा ह्या बाईंकडे त्या दिवशी सकाळी दहाला शिलाईवाली आली. कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसणारी, तिशीची, बारीक चणीची. डावं मनगट मोडून जुळलेलं होतं आणि जरा वाकडंच जुळलं होतं. ते नवऱ्यानं मोडलं होतं. घर सोडून तिला आठ महिने झाले होते आणि तेवढ्यात त्यानं तिला दोनदा शोधून काढलं होतं. एकदा भावाच्या घरी, एकदा बायकांच्या वसतिगृहात. दोन्ही वेळा मुलीला घेऊन, नेसत्या कपड्यांनिशी बाहेर पडावं लागलं. आता ती तिसऱ्या जागी होती.

"उद्या अकराला तारीख आहे," ती म्हणाली. "हा नवा अर्ज सहा पानांचा आहे. तो त्यालाही मिळणारच आहे, त्याचं काही नाही. हा एक कागद मात्र वेगळा. राहण्याचा पत्ता न्यायालयाला द्यावा लागतो, पण बंद पाकिटात द्या म्हणालेत. फक्त न्यायाधीशांनी बघायचा."

बाईंनी कागद पाहिला. शाळेच्या वहीतल्या पानावर गोल अक्षरात पत्ता लिहिला होता.

"बाई, त्याचा वकील ह्याच मजल्यावर बसतो ना?"

"शेजारच्याच खोलीत."

शिलाईवालीनं कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"बस खाली," बाई म्हणाल्या. "ह्या मजल्यावर दोन्ही बाजू शेजारी-शेजारीच बसतात. मधे भिंत आहे ना? माझ्या टेबलावरचा कागद त्या भिंतीपलीकडे गेलाय, असं छत्तीस वर्षांत झालेलं नाही."

ती बसली. मुलगी साडेआठ वर्षांची, आत्ता शाळेत गेलेली; सारख्या शाळा बदलून बदलून गप्प झालेली. आताच्या जागेत मात्र ती परत बोलायला लागली आहे, एवढंच शिलाईवालीनं जाता जाता सांगितलं. कारखाना सुटला की सहाच्या पुढे कागद न्यायला येते म्हणाली.

दुपारी एकपर्यंत सगळं टाइप झालं. अडलं ते छापण्यावर.

बाईंचा जुना, तारेनं जोडलेला प्रिंटर आदल्या आठवड्यात मान टाकून बसला होता. त्याच सुमाराला एक गोडबोल्या विक्रेता मजल्यावर येऊन शेजारच्या वकिलाला आणि बाईंना एकसारखे दोन बिनतारी प्रिंटर गळ्यात मारून गेला. 'तार नाही, कटकट नाही' हे त्याचं पालुपद. मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांना मिळून एकच वाय-फाय होतं, त्याचा पासवर्ड सगळ्यांना माहीत होता, तेव्हा अडचण यायचं काही कारण दिसत नव्हतं. बहिणीचा मुलगा, म्हणजे बाईंचा भाचा, रविवारी येऊन तो जोडून देणार होता. संगणकाचं सगळं तोच बघायचा. तीन वर्षांपूर्वी 'मावशी, ह्या म्हाताऱ्या डब्याला दुसरं काही झेपायचं नाही' म्हणत त्यानंच विंडोज काढून त्यावर लिनक्स घालून दिलं होतं, आणि बाईंचं त्याच्याशी चांगलं जमलं होतं. 'उगीच मधेमधे बोलत नाही,' असं त्या लिनक्सबद्दल म्हणायच्या. एवढं कौतुक त्यांनी माणसांपैकी फार थोड्यांचं केलं होतं.

पण रविवार चार दिवसांवर होता आणि तारीख उद्यावर. डबा खाऊन, हात पुसून बाई दोन वाजता स्वतःच कामाला लागल्या.

प्रिंटरला अंगठ्याएवढा पडदा होता. त्यावर बाण दाबत दाबत एकेक अक्षर शोधून पासवर्ड भरायचा होता. मिनिटाला सत्तर शब्दांच्या वेगाची सवय असलेल्या बाईंचे बारा अक्षरांनी हाल केले. शेवटी निळा दिवा लुकलुकायला लागला. मग त्यांनी संगणकावर प्रिंटरची यादी उघडली, तर काय, नाव आधीच तिथं हजर! कंपनी तीच, मॉडेलचा आकडा तोच, आणि पुढे 'तयार' असं लिहिलेलं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्या डब्याच्या पाठीवर थाप मारली.

संगणकानं विचारलं, चाचणीचं पान छापू का? रंगीत पट्ट्या आणि वर्तुळं असलेलं ते पान बाईंनी पूर्वी एकदा पाहिलं होतं आणि ही कसली उधळपट्टी म्हणून नाक मुरडलं होतं. त्यांना शिकवलं गेलं होतं ते वेगळं. नवं मशीन आलं की त्यावर फुकटच्या ओळींवर ओळी बडवायच्या नाहीत. दिवसभरातलं सगळ्यांत लहान काम घ्यायचं आणि ते करून बघायचं. बिघडलं तर एकच कागद जातो, जमलं तर काम झालेलं असतं. सगळे टाइपवाले असंच करतात. त्या दिवशीचं सगळ्यांत लहान काम होतं तो एक पानाचा पत्त्याचा कागद. त्यांनी तो छापायला पाठवला. जी बाई कार्बनचे तुकडे करते तिनं हे करावं, ह्याला काय म्हणायचं? पण सवय माणसाला विचारून पुढे येत नाही.

पडद्यावर अक्षरं आली, 'छपाई पूर्ण.' प्रिंटर ढिम्म. त्यांनी खालून पाहिलं, मागून पाहिलं, कागदाचा ट्रे काढून परत घातला. पुन्हा पाठवला. पुन्हा 'छपाई पूर्ण.' आणि कागदाचा पत्ता नाही.

त्यांनी भाच्याला फोन लावला आणि तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"नाव दिसतंय ना यादीत?" भाचा म्हणाला. तो स्वतःच्या ऑफिसात होता आणि हळू बोलत होता.

"दिसतंय. तयार आहे म्हणतोय."

"मग जोडला गेलाय. प्रिंटरवर दिवा लागलाय?"

"लागलाय. निळा."

तो लुकलुकतोय की स्थिर आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. तेवढं एक विचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

"बंद करून चालू कर," तो म्हणाला. केलं. तिसऱ्यांदा पाठवला. नाही. मग त्यानं काळी खिडकी उघडायला सांगितली आणि एकेक आज्ञा अक्षर अक्षर करून सांगितली. बाईंनी त्या एकाही चुकीशिवाय टाइप केल्या. छपाई सांभाळणारा आतला कारभार बंद होऊन परत सुरू झाला. चौथ्यांदा पाठवला. भिंतीपलीकडून घर्रर्र आवाज आला.

"ऐक, ऐक," बाई वैतागून म्हणाल्या. "तोच प्रिंटर, त्याच माणसाकडून घेतलेला. शेजारी कसा मेला धडाधड छापतोय! आणि माझा मुखदुर्बळ."

"एकदा शेवटचं पाठव. मी इकडे वाचतो काय सापडतंय ते."

पाचव्यांदा पाठवला. बाईंच्या नाकी नऊ आले होते. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं, पंखा नुसताच कुरकुरत होता, आणि 'छपाई पूर्ण' हे शब्द त्यांना आता कुणीतरी तोंडावर खोटं बोलावं तसे वाटायला लागले होते. मधे भाच्याला कुणीतरी बोलावून नेलं. तो परत आला तेव्हा चार वाजत आले होते.

"मावशी, प्रिंटरवर 'आय' असं बटण आहे का? ते तीन सेकंद दाबून धर. तो स्वतःची माहिती छापतो."

बाईंनी दाबलं. प्रिंटर घसा खाकरल्यासारखा हलला आणि दुपारभरात पहिल्यांदा त्यातून एक कागद बाहेर आला.

"आला रे बाबा! आला!"

"वाच बघू. वायरलेसच्या पुढे काय लिहिलंय?"

बाईंनी चष्मा सारखा केला. "वायरलेस... जोडलेले नाही."

भाचा म्हणाला, "नीट वाच."

"नीटच वाचलंय. वाचायला काय शिकवतोस मला? जोडलेले नाही."

"म्हणजे तुझा प्रिंटर वाय-फायवर गेलाच नाही. पासवर्डात कुठंतरी चुकलंय. मग मावशी..." तो थांबला. "मग संगणकाला दिसतोय तो प्रिंटर कुठला? लिनक्स आपणहून शोधतं, नेटवर्कवर जो सापडेल त्याचं नाव दाखवतं. तुमच्या मजल्यावर आणखी कुणाकडे असाच आहे का?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. पंखा बंद केला. नवं कोरं पान उघडून त्यावर एकच शब्द टाइप केला, 'चाचणी'. पाठवला, उठल्या, आणि भिंतीला कान लावला. दोन क्षण काही नाही. मग पलीकडे घर्रर्र झालं, कागद सरकला आणि थांबलं.

"मावशी? पानं गेली कुठं? काय पाठवत होतीस तू?"

बाई फोन तसाच टेबलावर ठेवून बाहेर पडल्या.

शेजारच्या खोलीत वकील नव्हते. ते पाचपर्यंत न्यायालयात असत. होता तो त्यांचा जुना कारकून. अशिलांना पुढच्या तारखा लिहून देणं हे त्याचं मुख्य काम, म्हणून मजल्यावर सगळे त्याला तारीखराव म्हणत. बाईंची आणि त्याची वीस वर्षांची चहाची ओळख. तो चष्मा कपाळावर चढवून हातातल्या कागदाकडे बघत होता.

"या बाई. हे बघा, आमचा प्रिंटर आता आपणहून चाचणी द्यायला लागला. दुपारपासून काहीबाही ओकतोय."

"काहीबाही कुठंय?"

"काय?"

"दुपारपासून जे आलं ते. कुठं ठेवलंत? ते माझं आहे, तारीखराव. सगळं माझं आहे. पाच कागद."

त्यांचा आवाज ऐकून तारीखरावानं चष्मा खाली घेतला. रद्दीच्या खोक्यात वरच कागद पालथे पडले होते. वर न्यायालयाचं नाव दिसलं, आपल्याच साहेबांचं जुनं काहीतरी असेल म्हणून त्यानं वाचलेही नव्हते. एक, दोन, तीन, चार.

"पाचवा?"

पाचव्याच्या त्यानं पट्ट्या केल्या होत्या. ही त्याची जन्माची रीत. पाठकोरा कागद सापडला की दोनदा दुमडायचा, फूटपट्टी लावून चार आडव्या पट्ट्या फाडायच्या, आणि एकेका पट्टीच्या कोऱ्या बाजूवर तारीख लिहून अशिलाच्या हातात द्यायची. आयुष्यात त्यानं तारखेसाठी नवा कागद वापरला नव्हता. त्यानं टाचणीच्या डबीखालून पट्ट्या काढून दिल्या. बाईंनी त्या उलटून टेबलावर ओळीनं मांडल्या. पहिली, न्यायालयाचं नाव. दुसरी, प्रकरणाचा क्रमांक आणि दोन्ही पक्षांची नावं. मग एकदम शेवटची, सहीची जागा. मधली तिसरी नव्हती.

"ती एक कुणाला दिलीत?"

तारीखरावानं दुसरी पट्टी उचलून डोळ्यांजवळ धरली. प्रकरणाचा क्रमांक वाचला, नावं वाचली, आणि तो हळूच खुर्चीत बसला.

"त्यालाच," तो म्हणाला. "तिच्या नवऱ्याला. आधीच्या अर्जावरच्या उत्तरावर सही करायला आला होता. उद्या अकराला, तिसऱ्या दालनात, मूळ कागद घेऊन या, असं लिहून दिलं. खिशात घालून गेला. पावणेचार झाले असतील."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

"फोन करून परत बोलावू?" तारीखराव म्हणाला, आणि स्वतःच मान हलवली. "नको. चिठ्ठी परत द्या म्हटलं की पहिली उलटूनच बघेल."

"हो."

"बाई, ऐका माझं. चिठ्ठीची मागची बाजू कोण बघतं? उद्या तारीख झाली की चुरगाळून फेकून देईल. आणि बघितलीच तरी नुसता पत्ता. कुणाचा, काय, त्याला काय कळणार?"

"'अर्जदार व तिची मुलगी सध्या राहत असलेला पत्ता', असं मीच टाइप केलंय. त्याच्या वरच," बाई म्हणाल्या. "सगळं त्या एका पट्टीत मावलंय."

तारीखरावानं दाराकडे पाहिलं. "तरीपण. तिला सांगून उगाच घाबरवू नका. साहेबांना कळलं तर ह्या वयात मला दारात उभं करणार नाहीत. तुमच्याकडेही कोण येईल मग? आपण दोघांनीच... म्हणजे दोघांनाच ठाऊक आहे." शेवटचं वाक्य त्यानं इतकं हळू म्हटलं की त्याची त्यालाच लाज वाटली असावी.

बाई कागद आणि पट्ट्या उचलून स्वतःच्या खोलीत आल्या. भाच्यानं फोन ठेवून दिला होता. शिलाईवालीचा नंबर वहीत होता, वही समोर उघडी होती. आणि बाई तशाच उभ्या राहिल्या.

आता हे सांगायलाच हवं, कारण बाईंनी ते पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही. त्या सात मिनिटं उभ्या होत्या. तारीखरावाचं म्हणणं त्यांच्या डोक्यात फिरत होतं आणि ते खोटंही नव्हतं. चिठ्ठ्यांची मागची बाजू खरंच कुणी बघत नाही. पोरीला आताच कुठे जागा मिळाली, मुलगी आताच बोलायला लागली; एका फोननं सगळं उधळायचं, आणि तेही कदाचित विनाकारण? असं त्या स्वतःला पटवत होत्या. पण खाली तळाशी दुसरंच होतं. टायपिंगबाईंच्या खोलीतून कागद फुटला, हे त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगायचं नव्हतं. ते कळल्यावर त्यांना स्वतःची किळस आली आणि त्यांनी नंबर फिरवला.

कारखान्यातल्या मशीनच्या घरघरीतून आवाज आला, "बोला बाई. झालं का छापून?"

"पोरी, बाहेर येऊन बोल."

घरघर कमी झाली. बाईंनी सांगितलं. प्रिंटर, भिंत, पट्टी, सगळं, आणि आपली चूक आहे हेही.

"ऐकते आहेस ना?"

"कधी गेला तो?"

"पावणेचारला."

"आता सव्वाचार." आवाज अगदी सपाट होता. "तिची शाळा साडेचारला सुटते. ती एकटीच येते घरी. किल्ली तिच्या गळ्यात आहे."

बाईंनी चपला पायात सरकवल्या. "मी जाते शाळेत. रिक्षा करते, आत्ता..."

"तुम्हाला ती ओळखत नाही. अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही असं शिकवलंय तिला. तुम्ही नका जाऊ." आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचे दोन तास बाईंनी कसे काढले ते विचारू नये. दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. भाच्याचा आला, तो उचलला; कारण हात रिकामे ठेवणं अशक्य होतं. त्यानं सांगितलं तसं त्यांनी पासवर्ड पुन्हा भरला, सहावं अक्षर मोठं हवं होतं ते लहान पडलं होतं. निळा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. यादीतून शेजारचं नाव काढून टाकलं आणि स्वतःच्या प्रिंटरला वेगळं नाव दिलं. भाचा म्हणाला, "आता चाचणीचं पान छाप." बाईंनी मुकाट्यानं छापलं. रंगीत पट्ट्या, रंगीत वर्तुळं, सगळं झकास आलं. मग अर्जाची सहा पानं तीन-तीन प्रतींत आली, एकही ओळ न फाटता. त्यांनी ती जुळवली, टाचली, आणि रस्त्याकडे बघत बसल्या. पाच वाजले, साडेपाच वाजले. खाली कुणी जोरात बोललं तरी त्या उठून खिडकीतून वाकून बघत होत्या. तारीखराव एकदा दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

सहाला ती आली नाही. साडेसहा वाजून गेल्यावर जिन्यात दोन जोड्या पावलं वाजली.

शिलाईवालीच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मागे मुलगी, शाळेच्याच कपड्यांत, पाठीला दप्तर आणि छातीशी गुंडाळलेलं पांघरूण. मुलगी सुखरूप होती. बाईंच्या डोळ्यांना एकदम पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"शाळेच्या फाटकाशीच गाठली हिला," शिलाईवाली म्हणाली. "तो आला की नाही, माहीत नाही. आम्ही थांबलो नाही बघायला."

"चूक माझी आहे. माझ्याकडून... आणि फोन करायलाही मी सात-आठ मिनिटं लावली. घाबरले मी."

शिलाईवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. रागावली असती, दोन शब्द बोलली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि अर्ज हातात घेऊन उभ्यानं सगळी पानं वाचली. बाईंनी मुलीला खुर्ची पुढे केली. मुलगी बसली नाही. "बेटा, पाणी देऊ?" विचारलं तर तिनं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"अर्ज बरोबर आहे," शिलाईवाली म्हणाली. "पत्त्याचा कागद आता चुकीचा झाला. तो नवा करावा लागेल."

"लगेच करते. सांग." बाई खुर्चीत बसल्या, बोटं ठेवली. "नवा पत्ता सांग."

तिनं अर्जाची पानं पिशवीत ठेवली.

"सांग, मी टाइप करते."

"बाकी सगळं तसंच राहू दे," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट जरा समजावणीचाच होता. "पत्त्याची जागा मोकळी सोडा, बाई. ती मी हातानं लिहीन."

बाईंची बोटं तशीच राहिली. मग त्यांनी जुना पत्ता पुसला आणि त्या जागी टिंबं दिली. एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ. किती द्यावीत ह्याचा अंदाज येईना, कारण पत्ता केवढा आहे हेच ठाऊक नव्हतं. कागद पहिल्याच खेपेला बाहेर आला.

शिलाईवाली तो घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. वाकडं मनगट आडवं ठेवून, परीक्षेत मुलं शेजारच्याला दिसू नये म्हणून हात आड धरतात तसा हात तिनं कागदाभोवती धरला आणि लिहायला लागली. बाईंनी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं, आणि तिचं लिहून होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.